मधुमेह, ज्वर आणि ॲसिटोनचा गंध

वैशाखाच्या उन्हात भोपाळच्या अयोध्या नगरासारख्या वस्तीत एखाद्या मराठी घरी दहाबारा वर्षांचे मूल तापाने अंथरुणास खिळते, ओकाऱ्या काढते, अन्नाला शिवत नाही. मूल पहिल्या प्रकारच्या मधुमेहाचे, म्हणजे इन्सुलिनच्या सुईवर जगणारे असले, की घरातील वडीलधारी माणसे कळकळीने म्हणतात, 'पोटात अन्नाचा कण नाही, मग आज सुई कशाला?' हा तर्क वरवर पाहता निर्दोष वाटतो. पण तो प्राणघातक आहे, आणि तो का प्राणघातक आहे हे उमगावयास वैद्यकाला साठ-पासष्ट वर्षे खर्ची घालावी लागली.

मधुर मूत्राचा रोग आपल्याकडे प्राचीन काळापासून ठाऊक होता. सुश्रुताने तर प्रमेहाचे सहज आणि अपथ्यनिमित्त असे दोन प्रकार सांगून पहिल्या प्रकारचा रोगी कृश असतो असे नोंदविले. मात्र तो रोगी शेवटी बेशुद्ध होऊन का दगावतो, या प्रश्नाचा रासायनिक माग १८५७ साली लागू लागला. त्या वर्षी प्रागच्या पेटर्सला अशा रोग्याच्या मूत्रात ॲसिटोन आढळले. पिकून उतू गेलेल्या फळासारखा जो वास रोग्याच्या श्वासाला येतो तो याचाच. १८६५ मध्ये गेरहार्टने फेरिक क्लोराइड टाकून मूत्र तांबडे होते की काय ते पाहण्याची परीक्षा दिली. १८७४ साली कुसमौलने मरणोन्मुख मधुमेह्यांचा खोल, धापेसारखा श्वास वर्णिला. आजही तो त्याच्याच नावाने ओळखला जातो. शरीरात साठलेले आम्ल उच्छ्वासावाटे हलके करण्याची ती देहाची धडपड होय. पुढे दहा वर्षांनी मिंकोव्स्की प्रभृतींनी त्या आम्लाची ओळख पटविली, आणि १८८९ मध्ये मिंकोव्स्की व फॉन मेरिंग यांनी कुत्र्याचे स्वादुपिंड काढून रोगाचे मूळ दाखवून दिले.

इन्सुलिनवाचून शरीराला साखर वापरता येत नाही. मग ते चरबी जाळू लागते आणि यकृत केटोन नावाची द्रव्ये तयार करते. ज्वरात तर इन्सुलिनला विरोध करणारे अंतःस्राव वाढतात. म्हणजे ताट रिकामे असले तरी यकृताचा कारखाना चालूच, आणि इन्सुलिनची गरज पुष्कळदा नेहमीहून अधिक! आजीबाईंच्या तर्कातील वैगुण्य ते हेच.

याची साक्ष टोरांटोतील लेनर्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाच्या इतिहासात मिळते. ११ जानेवारी १९२२ रोजी त्याला अर्काची पहिली टोचणी दिली. साखर थोडी उतरली. केटोन मात्र हटले नाहीत. कॉलिपने शुद्ध केलेला अर्क २३ जानेवारीपासून मिळू लागला, तेव्हा साखर झपाट्याने ओसरली आणि केटोन नाहीसे झाले. तेव्हा खरा विजय ठरला. हाच लेनर्ड पुढे तेरा वर्षे जगला आणि १९३५ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षात, न्यूमोनियाने गेला. इन्सुलिन हाती असूनही साधे आजारपण मधुमेह्याला किती महाग पडते, हे या एका आयुष्यात दिसते.

केटोन ओळखण्याची सोपी परीक्षा १९०८ साली रोथेराने दिली: नायट्रोप्रुसाइड आणि अमोनियाने जांभळा रंग. वैद्यकीय महाविद्यालयांतील विद्यार्थी आजही ती शिकतात. हीच रासायनिक क्रिया पुढे कागदी पट्टीवर उतरली आणि परीक्षा प्रयोगशाळेतून घरात आली. रक्तातील केटोन मोजणारी छोटी यंत्रे चालू शतकात रुळली. त्यांचा आकडा ०.६ मिलिमोलच्या खाली असला तर काळजी नाही, १.५ च्या वर गेला तर डॉक्टरांशी तातडीने बोलावयाचे. ३ ओलांडल्यास रुग्णालय गाठावयाचे. आकडा काहीही असो, ओकारी थांबत नसेल, श्वास खोल चालला असेल किंवा मूल गुंगत असेल, तर वाट पाहू नये.

आजारपणात दर दोन ते चार तासांनी साखर व केटोन पाहावेत, पाण्याचे घोट द्यावेत, साखर उतरत असल्यास गोड सरबत किंवा पातळ पेज द्यावी. दीर्घकाळ टिकणारे इन्सुलिन मात्र बंद करू नये. मात्रा कमीअधिक करावयाची ती डॉक्टरांच्या सल्ल्याने.

पट्टीच्या बाबतीत एक खोच आहे. ती ॲसिटोॲसिटिक आम्ल ओळखते. बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरिक आम्ल, जे अशा वेळी सर्वाधिक असते, तिला दिसत नाही. उपचार लागू पडला की दुसऱ्याचे पहिल्यात रूपांतर होते. म्हणून मूल सावरत असताना पट्टीचा रंग काही काळ अधिकच गडद होतो आणि घरची माणसे घाबरतात. रक्ताच्या यंत्रावर त्याच वेळी आकडा उतरत असतो.