शाळकरी मुलांचा मुखपट्टीवापर (कोव्हिड-१९ महासाथ)

कोव्हिड-१९ महासाथीच्या काळात शाळेत येणाऱ्या लहान मुलांनी मुखपट्टी (प्रचलित शब्द मास्क) वापरावी की नाही, आणि वापरायची झाल्यास कोणत्या वयापासून, हा सार्वजनिक आरोग्य व शिक्षण या दोन्ही क्षेत्रांतील एक विवाद्य प्रश्न आहे. २०२० ते २०२३ या काळात त्यावर जगभर चर्चा झाली. बारा वर्षांवरील मुलांविषयी प्रमुख आरोग्यसंस्थांच्या शिफारशींत फारसे अंतर नव्हते. मतभेद होता तो मुख्यतः दोन ते अकरा वर्षे वयाच्या, म्हणजे बालवाडी व प्राथमिक शाळेतील मुलांविषयी. मुखपट्टीसंबंधीच्या प्रमुख यादृच्छिक चाचण्या प्रौढांवर झाल्या होत्या. शाळकरी मुलांवर कोव्हिड-१९ संदर्भात तशी चाचणी झाली नाही. त्यामुळे उपलब्ध असलेल्या अपुऱ्या पुराव्यावरूनच निरनिराळ्या देशांनी निरनिराळे निर्णय घेतले.

पार्श्वभूमी

संसर्ग रोखण्यासाठी तोंडावर कापड बांधण्याची पद्धत कोव्हिडपेक्षा जुनी आहे. १९१०-११ मधील मांचुरियातील फुप्फुसाच्या प्लेगच्या साथीत डॉ. वू लिएन-तेह यांनी कापूस व जाळीदार कापडाच्या मुखपट्टीचा पुरस्कार केला. १९१८ च्या इन्फ्लुएंझा महासाथीत अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहराने नागरिकांना मुखपट्टीची सक्ती केली, आणि १९१९ च्या आरंभी तिच्या विरोधात तेथे संघटनाही उभी राहिली. त्याच महासाथीत अमेरिकेतील बहुसंख्य शहरांनी शाळा बंद केल्या. न्यूयॉर्क व शिकागो यांनी मात्र त्या चालू ठेवल्या. न्यूयॉर्कमध्ये भर मुलांच्या नियमित तपासणीवर आणि आजारी मुलाला तत्काळ वेगळे करण्यावर होता. ‘शाळा चालू ठेवायची तर कोणत्या अटींवर’ हा प्रश्न त्यामुळे शंभर वर्षांपूर्वीही विचारला गेला होता, असे म्हणता येते.

पूर्व आशियात मुखपट्टी मुलांना अपरिचित नव्हती. जपानमधील प्राथमिक शाळांत दुपारचे जेवण मुलेच पाळीपाळीने वाढतात व वाढताना पांढरी मुखपट्टी लावतात. २००३ च्या सार्स साथीनंतर हाँगकाँगसारख्या शहरांतही तिचा वापर रुळला होता. युरोप, अमेरिका व भारत येथील बहुसंख्य मुलांना मात्र २०२० मध्येच तिची प्रथम ओळख झाली.

कोव्हिड-१९ हा आजार वृद्धांच्या तुलनेत लहान मुलांत बहुधा सौम्य स्वरूपाचा राहिला. मुलांना संसर्ग होत असे व त्यांच्याकडून तो इतरांना पोहोचतही असे; मात्र गंभीर आजाराचे प्रमाण कमी होते. काही थोड्या मुलांना संसर्गानंतर काही आठवड्यांनी अनेक अवयवांना सूज आणणारा गंभीर विकार झाला. त्यामुळे मुलाच्या मुखपट्टीचा लाभ कोणाला, स्वतः मुलाला की त्याचे शिक्षक व घरातील आजी-आजोबा यांना, हा मुद्दा चर्चेच्या केंद्रस्थानी आला.

वयोमर्यादेविषयीच्या शिफारशी

जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी २१ ऑगस्ट २०२० रोजी मुलांच्या मुखपट्टीवापराविषयी संयुक्त मार्गदर्शन प्रसिद्ध केले. त्यात तीन वयोगट करण्यात आले.

पाच वर्षांपर्यंत: मुखपट्टीची सक्ती करू नये. या वयातील मूल ती स्वतःहून नीट लावू, काढू व सांभाळू शकत नाही, हे त्याचे प्रमुख कारण होते.

सहा ते अकरा वर्षे: परिस्थिती पाहून ठरवावे. त्या भागातील संसर्गाचे प्रमाण, मुलाची मुखपट्टी हाताळण्याची क्षमता, स्वच्छ मुखपट्ट्यांची उपलब्धता, मोठ्यांची देखरेख, शिक्षणावर व मनोविकासावर होऊ शकणारा परिणाम आणि घरातील वृद्ध किंवा आजारी व्यक्ती या बाबी विचारात घ्याव्यात.

बारा वर्षे व त्यापुढे: प्रौढांसाठी असलेलेच नियम लागू करावेत.

अमेरिकेतील रोगनियंत्रण व प्रतिबंध केंद्रांनी ही सीमा बरीच खाली, म्हणजे दोन वर्षांवर ठेवली. दोन वर्षांखालील मुलांना गुदमरण्याचा धोका असल्याने त्यांना कोणीही मुखपट्टी लावू नये, याविषयी मात्र एकवाक्यता होती. अमेरिकन बालरोगतज्ज्ञ अकादमीने जुलै २०२१ मध्ये शाळेतील दोन वर्षांवरील सर्वांनी, लस घेतलेली असो वा नसो, मुखपट्टी वापरावी अशी शिफारस केली.

भारतात केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने जून २०२१ मध्ये पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना मुखपट्टीची शिफारस केली नाही. सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना पालकांच्या देखरेखीखाली ती वापरता येईल, असे सांगण्यात आले. जानेवारी २०२२ मधील सुधारित मार्गदर्शक सूचनांतही हीच विभागणी कायम राहिली.

निरनिराळ्या देशांतील धोरणे

फ्रान्सने आरंभी अकरा वर्षांवरील मुलांना केलेली सक्ती २ नोव्हेंबर २०२० पासून सहा वर्षांवरील मुलांना लागू केली. मधल्या काळातील काही सवलती वगळता ती मार्च २०२२ पर्यंत टिकली. स्पेन व इटली येथेही शाळांत सहा वर्षे ही सीमा होती.

इंग्लंडमध्ये प्राथमिक शाळेतील मुलांना मुखपट्टी वापरण्यास सांगितले गेले नाही. माध्यमिक शाळांच्या वर्गांत ८ मार्च २०२१ पासून तिची शिफारस होती. ती १७ मे २०२१ रोजी मागे घेण्यात आली. ओमिक्रॉन लाटेत जानेवारी २०२२ मध्ये काही आठवड्यांसाठी ती पुन्हा लागू झाली. स्वीडनने लहान मुलांच्या शाळा बहुतांश काळ चालू ठेवल्या व त्यांत मुलांना मुखपट्टी लावली नाही.

अमेरिकेत या प्रश्नाला राजकीय रंग चढला. २०२१ च्या उन्हाळ्यात रोगनियंत्रण केंद्रांनी सर्व शाळांत मुखपट्टीची शिफारस केली. त्याच सुमारास टेक्सास व फ्लोरिडा यांसारख्या राज्यांच्या गव्हर्नरांनी शाळांना अशी सक्ती करण्यास मनाई केली. प्रकरणे न्यायालयांत गेली. २५ फेब्रुवारी २०२२ रोजी केंद्रांनी आपले निकष बदलले. त्यानंतर केवळ जास्त धोका असलेल्या भागांतील शाळांपुरतीच ही शिफारस उरली.

महाराष्ट्रातील शाळा

महाराष्ट्रातील शाळा मार्च २०२० मध्ये बंद झाल्या. नववी ते बारावीचे वर्ग २३ नोव्हेंबर २०२० पासून व पाचवी ते आठवीचे वर्ग २७ जानेवारी २०२१ पासून स्थानिक परिस्थितीनुसार सुरू झाले. दुसऱ्या लाटेत ते पुन्हा बंद करावे लागले. ४ ऑक्टोबर २०२१ पासून ग्रामीण भागात पाचवीपासूनचे व शहरी भागात आठवीपासूनचे वर्ग भरू लागले. पहिलीपासूनच्या वर्गांना १ डिसेंबर २०२१ पासून परवानगी मिळाली. मुंबईत ते १५ डिसेंबरला सुरू झाले. जानेवारी २०२२ मध्ये ओमिक्रॉन लाटेमुळे शाळा पुन्हा थोडा काळ बंद राहिल्या व २४ जानेवारीपासून टप्प्याटप्प्याने उघडल्या. शाळा उघडतानाच्या नियमांत मुखपट्टी, हात धुणे व अंतर राखणे यांचा समावेश होता.

या कालक्रमातून एक महत्त्वाची बाब दिसते. डिसेंबर २०२१ मध्ये पहिली व दुसरीच्या वर्गात बसलेल्या बहुसंख्य मुलांनी त्याआधी प्रत्यक्ष शाळा पाहिलीच नव्हती. त्यांच्या दृष्टीने मुखपट्टी हा शाळेत झालेला बदल नव्हता. शाळेची पहिली ओळखच तिच्यासह झाली. राज्यातील कोव्हिडविषयक निर्बंध २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याच्या दिवसापासून उठवण्यात आले व मुखपट्टी ऐच्छिक झाली. भारतात बारा ते चौदा वर्षे वयाच्या मुलांचे लसीकरण १६ मार्च २०२२ रोजी सुरू झाले होते. प्राथमिक शाळेतील मुले मात्र लसीविनाच निर्बंधमुक्त झाली.

परिणामकारकतेविषयीचा पुरावा

मुखपट्टी बाहेर पडणारे थेंब व सूक्ष्म कण काही प्रमाणात अडवते, हे प्रयोगशाळेतील मोजमापांतून दिसते. किती प्रमाणात, हे कापडाच्या प्रकारावर व ती चेहऱ्यावर किती घट्ट बसते यावर अवलंबून असते. प्रत्यक्ष व्यवहारात संसर्ग किती घटतो, हा याहून अवघड प्रश्न आहे.

प्रौढांवरील चाचण्यांपैकी बांगलादेशातील चाचणी सर्वांत मोठ्या चाचण्यांत गणली जाते. तीत ६०० गावांतील सुमारे ३.४ लाख प्रौढांचा समावेश होता. मुखपट्टीचा प्रसार केलेल्या गावांत तिचा योग्य वापर सुमारे १३ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर गेला. शस्त्रक्रियेच्या वेळी वापरतात तशी मुखपट्टी वाटलेल्या गावांत लक्षणांसह झालेला संसर्ग सुमारे ११ टक्क्यांनी कमी आढळला. कापडी मुखपट्टीविषयी असा स्पष्ट निष्कर्ष निघाला नाही. डेन्मार्कमधील चाचणीत मुखपट्टीची शिफारस केलेल्या गटात १.८ टक्के व दुसऱ्या गटात २.१ टक्के लोकांना संसर्ग झाला. हा फरक संख्याशास्त्रीय दृष्ट्या लक्षणीय नव्हता. जानेवारी २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन आढाव्यावरून ‘मुखपट्टी निरुपयोगी ठरली’ असा अर्थ अनेकांनी काढला. उपलब्ध चाचण्यांतून ठाम निष्कर्ष निघत नाही एवढाच आढाव्याचा अर्थ आहे, असे कॉक्रेनच्या मुख्य संपादकांनी मार्च २०२३ मध्ये स्पष्ट केले.

शाळांविषयीचा पुरावा निरीक्षणात्मक अभ्यासांपुरता मर्यादित आहे, आणि त्यांचे निष्कर्ष परस्परांशी जुळत नाहीत.

ॲरिझोना (२०२१): मुखपट्टीची सक्ती नसलेल्या शाळांत उद्रेकाची शक्यता सुमारे साडेतीन पट आढळली. दोन्ही प्रकारच्या शाळांतील लसीकरणाचे प्रमाण वेगळे असू शकते, असा आक्षेप त्यावर घेण्यात आला.

मॅसॅच्युसेट्स (२०२२): बॉस्टन परिसरातील ७२ शालेय जिल्ह्यांच्या अभ्यासात, सक्ती उठवलेल्या जिल्ह्यांत १५ आठवड्यांत दर हजार विद्यार्थी व कर्मचाऱ्यांमागे सुमारे ४५ रुग्ण अधिक आढळले. सक्ती कायम ठेवलेले जिल्हे इतर बाबतींतही वेगळे होते, ही त्यावरील प्रमुख टीका होय.

कॅटलोनिया (२०२१-२२ चे पहिले सत्र): स्पेनच्या या प्रांतात पाच वर्षांच्या मुलांना मुखपट्टी नव्हती व सहा वर्षांच्या मुलांना ती सक्तीची होती. सुमारे सहा लाख मुलांच्या नोंदींत या दोन लगतच्या वयांत संसर्गाचा लक्षणीय फरक दिसला नाही. वय वाढेल तसे संसर्गाचे प्रमाण वाढत जाते, असे मात्र आढळले.

लहान मुलांच्या दृष्टीने कॅटलोनियाचा अभ्यास अधिक जवळचा आहे, कारण त्यात वयाची सीमारेषा हीच तुलनेचा आधार होती. तरीही बालवाडी व पहिली यांच्या दिनक्रमातील फरक त्यात पूर्णपणे वगळता येत नाही. खाण्याची सुट्टी, ओली झालेली किंवा नाकाखाली घसरलेली मुखपट्टी व घरातील संपर्क यांमुळेही शाळेतील नियमाचा स्वतंत्र परिणाम मोजणे कठीण होते.

भाषाशिक्षण व भावनिक विकास

लहान मूल उच्चार शिकताना कानाबरोबर डोळ्यांचाही उपयोग करते. प, फ, ब, भ, म हे ओष्ठ्य वर्ण ओठांच्या हालचालीवरून ओळखू येतात. मुखपट्टीमुळे हा आधार नाहीसा होतो, शिवाय आवाजातील उच्च कंप्रतेचा भाग दबतो. स आणि श यांसारख्या वर्णांतील भेद कळण्यासाठी हाच भाग महत्त्वाचा असतो. वाचन-लेखनाचा आरंभ होत असलेल्या वर्गात शिक्षकाची मुखपट्टी विद्यार्थ्याच्या मुखपट्टीपेक्षा अधिक अडथळा ठरू शकते. कर्णबधिर मुलांची अडचण याहून मोठी असते. त्यांच्यासाठी काही ठिकाणी पारदर्शक मुखपट्ट्या वापरण्यात आल्या. विकासात्मक अडचणी असलेल्या मुलांवर सक्ती करू नये, अशी जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका होती.

चेहऱ्यावरील भाव ओळखण्याविषयी झालेल्या प्रयोगांत मुखपट्टीमुळे मुलांची अचूकता घटलेली दिसली. तीन ते पाच वर्षांच्या मुलांत ही घट विशेष जाणवली. मात्र शाळकरी वयाची मुले डोळे व भुवया यांवरून बऱ्याच वेळा भाव ओळखू शकतात, असेही आढळले. दीर्घकालीन परिणाम वेगळा काढणे अवघड आहे, कारण याच मुलांनी शाळाबंदी, घरकोंडी व काहींनी घरातील मृत्यूही अनुभवले होते.

शारीरिक सुरक्षितता

मुखपट्टीमुळे मुलांच्या श्वासात कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण धोकादायक होते, असा दावा करणारे एक संशोधनपत्र जून २०२१ मध्ये एका प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. मोजमापाच्या पद्धतीवर गंभीर आक्षेप आल्याने नियतकालिकाने ते काही आठवड्यांतच मागे घेतले. त्वचेची जळजळ, डोकेदुखी व उकाड्याचा त्रास या तक्रारी मात्र होत्या. खेळ व व्यायाम करताना मुखपट्टी लावू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले होते. जपानच्या शिक्षण मंत्रालयानेही उष्माघाताच्या भीतीने २०२२ च्या उन्हाळ्यात व्यायामाच्या तासाला ती काढण्यास मुलांना सांगावे, अशी सूचना शाळांना दिली.

मतभेदाचे स्वरूप

सक्तीच्या समर्थकांच्या मते मुखपट्टी हा स्वस्त व बहुतांशी निर्धोक उपाय आहे. लस उपलब्ध नसताना थोडासा लाभही शाळा चालू ठेवण्यास व घरातील वृद्धांना वाचवण्यास उपयोगी पडतो, आणि शाळा बंद राहण्याचे नुकसान मुखपट्टीच्या गैरसोयीपेक्षा कितीतरी मोठे आहे. विरोधकांच्या मते, मुलांवर सक्तीचा उपाय लादताना त्याचा लाभ सिद्ध करण्याची जबाबदारी लादणाऱ्यावर असते. गंभीर आजाराचा धोका सर्वांत कमी असलेल्या वयोगटाकडून सर्वांत दीर्घ काळ निर्बंध पाळून घेणे त्यांना अन्याय्य वाटते.

दोन्ही पक्षांचा मूळ भेद पुराव्याविषयी जितका आहे, तितकाच पुरावा अपुरा असताना काय करावे याविषयीही आहे. खिडक्या उघड्या ठेवून हवा खेळती राखणे, हवा गाळणारी यंत्रे बसवणे, वर्ग उघड्यावर भरवणे व आजारी मुलाला घरी ठेवणे या उपायांबाबत मात्र दोन्ही बाजूंत बरीच सहमती आढळते. यांपैकी कोणताही उपाय मुलाच्या वयावर किंवा कौशल्यावर अवलंबून नाही.

महासाथीनंतर

जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोव्हिड-१९ विषयीची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. तोपर्यंत बहुतेक देशांतील शाळांत मुखपट्टी ऐच्छिक झाली होती. जपानमध्ये एप्रिल २०२३ पासून शाळांत तिची सर्वसाधारण अपेक्षा उरली नाही. मुलांवरील सक्तीविषयीच्या अभ्यासांचा एक पद्धतशीर आढावा डिसेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. सक्तीचा लाभ दाखवणाऱ्या अभ्यासांत पूर्वग्रहदोषाचा धोका मोठा असल्याचे त्यात नोंदवले आहे. मुलांवरील नियंत्रित चाचणी महासाथीच्या तीन वर्षांत झाली नसल्याने दोन, सहा की बारा वर्षे हा सीमारेषेचा प्रश्न शास्त्रीय दृष्ट्या अनिर्णित राहिला आहे.