आधी मासळीचा बर्फ, मग आइस्क्रीम

रत्नागिरीच्या आइस्क्रीमबद्दल बोलायला बसले की बोलणे लगेच हापूसवर येते. गावातला दुकानदार असो की मुंबईची मोठी कंपनी, दोघेही याच फळाच्या नावावर कप विकतात. त्यामुळे इथल्या आइस्क्रीमचा इतिहास म्हणजे आंब्याच्या इतिहासाचे शेवटचे प्रकरण, असा समज रूढ झाला आहे. मला हा समज मुळातच चुकीचा वाटतो. पोर्तुगीजांच्या काळात कलमांची विद्या कोकणपट्टीत आली आणि हापूस शतकानुशतके इथे पिकत राहिला. आटवलेले दूध, साखर, वेलदोडा यांनाही इथली घरे कधी अनोळखी नव्हती. तरी आइस्क्रीम झाले नाही, कारण अडत होते ते थंडीपाशी. आणि या किनाऱ्यावर थंडी रोजच्या रोज, टनावारी, परवडेल अशा भावात आली ती आंब्यासाठी नाही, दुधासाठी नाही, माणसांच्या जिभेसाठी तर नाहीच. ती मासळीसाठी आली. म्हणून रत्नागिरीच्या आइस्क्रीमची चव समजून घ्यायची तर आमराईत जाण्याआधी मिरकरवाडा बंदरावर उतरावे लागते.

बर्फ येण्याआधीचे बंदर कसे चालत होते, हे आधी पाहू. या किनाऱ्यावर हिवाळ्यातही फारशी थंडी पडत नाही. पाणी आपोआप गोठण्याचा प्रश्नच नाही. सकाळी आलेला बांगडा संध्याकाळपर्यंत विकला गेला नाही तर तो खारवायचा, नाहीतर वाळवायचा, हाच नियम. ओली मासळी पाटीतून जाईल तेवढ्याच अंतरावर तिचा बाजार. घाटावर चढायची ती खारा बांगडा, सुकट आणि सुके बोंबील. म्हणजे मासळी टिकवण्याचे साधन एकच होते, मीठ. इंग्रजांनी मिठावर कर बसवला तेव्हा त्याची झळ कोळणीच्या पाटीपर्यंत पोचली. पुढे मासे खारवण्यासाठी वेगळी आवारे ठेवून तिथे सवलतीचे मीठ देण्याची पद्धत सरकारने पश्चिम किनाऱ्यावर पाडली. १९३० साली मिठाचा सत्याग्रह शिरोड्याला झाला, आणि शिरोडे तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातच होते. आइस्क्रीमच्या लेखात मिठाचे एवढे कौतुक कशाला, असे वाटेल; पण मीठ पुढे पुन्हा येणार आहे, आणि तेही नेमके आइस्क्रीमच्या भांड्याभोवती.

यावर पहिला आक्षेप मुंबईकडून येतो. आइस्क्रीम कोकणात आले ते चाकरमान्यांबरोबर, मासळीशी त्याचा संबंध काय? या आक्षेपात तथ्य आहे. अबुल फझलच्या ‘आईन-इ-अकबरी’त सोऱ्याने पाणी गार करण्याची आणि डोंगरातून लाहोरला बर्फ आणण्याची नोंद आहे, पण ते दरबाराचे वैभव, त्याचा कोकणाशी काही संबंध नाही. मुंबईला मात्र एकोणिसाव्या शतकात खरा बर्फ मिळू लागला. फ्रेडरिक ट्यूडर या बोस्टनच्या व्यापाऱ्याने १८३३ साली ‘टस्कनी’ जहाजातून तळ्यांवरचा बर्फ भुशात बांधून कलकत्त्याला पाठवला. १८३० च्याच दशकात मुंबईतही अमेरिकी बर्फ उतरला आणि त्याच्या साठ्यासाठी कोटाच्या भागात बर्फघर उभे राहिले. जमशेटजी जिजीभाईंनी मेजवानीत आइस्क्रीम वाढले आणि पाहुण्यांना सर्दी झाली, ही हकिगत मुंबईच्या इतिहासात नेहमी सांगितली जाते. शतक संपता संपता यंत्राने केलेल्या बर्फाने अमेरिकी बर्फाचा धंदा बंद पाडला आणि पारशी दुकानांतून, इराण्यांकडून आइस्क्रीम हळूहळू मध्यमवर्गापर्यंत आले. गिरणीत किंवा कचेरीत काम करणाऱ्या रत्नागिरीकराने ते मुंबईत खाल्ले असणार, यात शंका नाही.

पण चव आणि वस्तू यांत फरक करायला हवा. चव बोटीने सहज प्रवास करू शकते, बर्फ रोजच्या धंद्यापुरता तसा करू शकत नाही. मुंबईहून सुटलेली आगबोट बंदरे घेत घेत रत्नागिरीला पोचायची, पावसाळ्यात तर ही वाहतूक बंदच व्हायची. एखाद्या बड्या लग्नासाठी भुशात बांधलेली लादी मागवता येईलही, पण त्यातून धंदा उभा राहत नाही. चाकरमान्याने आइस्क्रीमची ओढ आणली हे कबूल. ती ओढ भागवणारी वस्तू गावात रोज कुठून मिळायची, हा प्रश्न तरीही शिल्लक राहतो.

त्याचे उत्तर स्वातंत्र्यानंतरच्या मासेमारीत आहे. १९५३ च्या सुमारास केरळात कोल्लमजवळ नॉर्वेच्या मदतीने यांत्रिक होड्या आणि बर्फाचा कारखाना यांचा प्रकल्प सुरू झाला. होडीला इंजिन आणि मासळीला बर्फ ही जोडी तिथून सगळ्या पश्चिम किनाऱ्याने उचलली. रत्नागिरीत १९५८ साली सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र निघाले. १९६० च्या दशकात कोयनेच्या पाण्यावर याच जिल्ह्यात, चिपळूण तालुक्यातल्या पोफळीला वीज तयार होऊ लागली. इंजिन बसल्यावर होडी लांब जाऊ लागली, लांब गेली की समुद्रात रात्री काढू लागली, आणि रात्री काढायच्या तर पोटातल्या खणात बर्फ भरूनच निघावे लागते. उष्ण प्रदेशात साधारण जेवढी मासळी तेवढाच बर्फ, असा हिशेब धरतात. रत्नदुर्गाजवळच्या मिरकरवाडा बंदरात शेकडो नौका ये-जा करतात. बर्फाची एवढी भूक शहरातल्या सगळ्या सरबताच्या गाड्या, लग्ने आणि आइस्क्रीमची दुकाने मिळूनही कधी दाखवू शकली नसती. अमोनियाचा कॉम्प्रेसर, मिठाच्या पाण्याची टाकी, लोखंडी साचे, क्रशर, माणसे आणि विजेचे बिल हा सगळा खर्च उन्हाळ्याच्या दोन महिन्यांच्या गिऱ्हाइकावर निघत नाही. तो ऑगस्टपासून मे अखेरपर्यंत बर्फ उचलणाऱ्या तांडेलाच्या जोरावरच निघतो. माझ्या म्हणण्याचा कणा हाच आहे: थंडीचा भांडवली खर्च मासळीने उचलला, म्हणून गावाला बर्फाची लादी स्वस्तात मिळाली.

इथे दुसरा आक्षेप शास्त्राचा, आणि तो पहिल्यापेक्षा भारी आहे. मासळीला शून्य अंश पुरतो. वितळणारा बर्फ तिला तिथेच धरून ठेवतो आणि वितळताना दर किलोमागे सुमारे ८० किलोकॅलरी उष्णता शोषतो. आइस्क्रीमला शून्य अंश मुळीच पुरत नाही. दुधात साखर विरघळली की ते शून्याच्या खालीच गोठायला लागते आणि नीट घट्ट व्हायला त्याहून बरेच खाली जावे लागते. मग मासळीच्या बर्फाने आइस्क्रीम कसे होईल? ते मिठाने होते. ठेचलेल्या बर्फात जाडे मीठ मिसळले की बर्फ वितळत जातो, पण मिश्रण आणखी गार होत जाते; २३ टक्क्यांच्या आसपास मिठाचे प्रमाण आले की ते उणे २१ अंशांपर्यंत उतरू शकते. फिलाडेल्फियाच्या नॅन्सी जॉन्सन यांनी १८४३ साली हाताने फिरवायच्या ज्या यंत्राचे पेटंट घेतले, तेच लाकडी बादली आणि आतला धातूचा डबा या रूपात आपल्याकडे पॉट म्हणून रुळले. तीन-चार भाग बर्फ, एक भाग मीठ आणि दमदार हात एवढ्यावर ते चालते. बंदराच्या गावात बर्फ होता आणि मीठ तर पिढ्यान्‌पिढ्या होतेच. शिवाय बर्फाच्या कारखान्यातली टाकीही मिठाच्या पाण्याचीच असते. शून्याखाली जाऊनही ते पाणी गोठत नाही, म्हणूनच त्यात बुडवलेल्या साच्यांतले गोडे पाणी गोठते. त्याच तत्त्वाच्या टाकीत लहान साचे आणि काड्या लावल्या की आइसकांडी होते. मासळी, लादी, कांडी आणि पॉट ही एकाच विद्येची चार रूपे आहेत.

आणखी एक आक्षेप स्वच्छतेचा आहे, आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. मासळीच्या बर्फाचा खाण्याशी संबंध जोडणे अनेकांना किळसवाणे वाटेल. बर्फाच्या गोळ्याबाबत आणि उसाच्या रसाबाबत ही भीती खरी होती. म्हणूनच खाण्याचा बर्फ पांढरा ठेवावा आणि औद्योगिक बर्फात निळा रंग घालावा, असा दंडक महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ साली घातला. नियम योग्यच होता, आणि तो करावा लागला यातच दोन्ही बर्फ किती शेजारी-शेजारी वावरत होते याचा पुरावा आहे. पण पॉटमध्ये बर्फ दुधाला शिवत नाही. तो डब्याबाहेर राहतो आणि खारे पाणी होऊन ओतला जातो. बंदराच्या बर्फावर जे पदार्थ उभे राहिले त्यांत पॉट आइस्क्रीम हे सर्वांत निर्धोक. दोष राहिलाच तर तो झाकणातून आत शिरणाऱ्या खाऱ्या थेंबाचा.

या व्यवस्थेला उतार लागला तो १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात. १९९६ साली अमूलचे आइस्क्रीम बाजारात आले, १९९७ साली आइस्क्रीमचे उत्पादन लघुउद्योगांसाठीच्या राखीव यादीतून मोकळे झाले, आणि १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली. कोल्हापूरकडून येणाऱ्या दुधाने कोकणातली दुधाची जुनी टंचाई आधीच कमी केली होती. आता कंपन्यांचे डीप फ्रीजर दुकानाच्या दारात उभे राहिले आणि थंडी बाहेरून, तयार मालासह येऊ लागली. त्या क्षणापासून आइस्क्रीमचा बंदराशी असलेला संबंध सुटत गेला.

म्हणूनच आजचे कप चाखताना ‘स्थानिक ते चांगले, कंपनीचे ते वाईट’ असा सरधोपट निकाल मी देणार नाही. पाहायचे ते आधी डब्यावर. भारतीय नियमांप्रमाणे आइस्क्रीममध्ये दुधाची स्निग्धता किमान १० टक्के लागते; वनस्पती तेलाचे असेल तर त्यावर फ्रोजन डेझर्ट लिहावे लागते. त्याच नियमांनुसार एक लिटर आइस्क्रीम किमान ५२५ ग्रॅम भरले पाहिजे. याचा अर्थ, डब्यात निम्म्याच्या आसपास हवा असली तरी ते कायदेशीर आहे. हाताने फिरवलेल्या पॉटमध्ये हवा फार कमी शिरते, म्हणून तोच चमचा जिभेला जड लागतो. मिलिलिटरचे भाव ताडून पाहणाऱ्याने एकदा वजन करून पाहावे. उलट बाजूने, कंपनीचे यंत्र झपाट्याने गोठवते, त्यामुळे बर्फाचे कण बारीक राहतात. पॉट हळू गोठवतो, कण मोठे होतात, आणि उरलेला माल दुसऱ्या दिवशी खरखरीत लागतो. पॉट आइस्क्रीम केल्या दिवशीच खाण्याचे आहे.

स्वादांचेही असेच. हापूसचा सुगंध कडक थंडीत दबतो. उणे १८ अंशांच्या फ्रीजरमधून थेट तोंडात घातलेल्या कपात साखर कळते, आंबा कळत नाही. पॉटमधून नुकते काढलेले मऊ आइस्क्रीम त्या मानाने कोमट असते आणि म्हणूनच अधिक आंब्याचे लागते. बारमाही आंबा आइस्क्रीम डब्यातल्या रसावर चालते, कंपनीचेही आणि गावातलेही. शिजवलेल्या रसाचा तो काकवीसारखा पडसाद ओळखू येतो, आणि ताज्या रसाच्या नावाने तो विकणे मला गैर वाटते. फणसाचा वास थंडीला पुरून उरतो, म्हणून फणस आइस्क्रीम सहसा फसत नाही. शहाळ्याची चव इतकी हळुवार की दाट मलईखाली ती नाहीशी होते. तिथे स्निग्धता कमी असलेले मिश्रणच सरस ठरते. आमसुलाच्या आंबटपणाने दूध फाटते, त्यामुळे कोकमाची जागा आइस्क्रीममध्ये नाही, कांडीत आहे, आणि कोकमाची चांगली कांडी ही या किनाऱ्याची सर्वांत प्रामाणिक गार वस्तू आहे असे मी मानतो.

मासळी आणि आइस्क्रीम यांचे नाते फक्त जुन्या काळापुरते होते, असेही कोणी म्हणू नये. रत्नागिरीच्या मिरजोळे औद्योगिक वसाहतीत माशाच्या लगद्यापासून सुरिमी तयार होते आणि परदेशी जाते. गोठताना माशातली प्रथिने बिघडू नयेत म्हणून सुरिमीच्या लगद्यात साखर आणि सॉर्बिटॉल मिसळतात. जपानी संशोधकांनी १९६० च्या सुमारास ही युक्ती काढली. साखर पाण्याला मोकळेपणी गोठू देत नाही, आणि आइस्क्रीम चमच्याने काढण्याइतके मऊ राहते तेही याच कारणाने. मिठाने सुरू झालेली देवघेव आता साखरेपर्यंत आली आहे.

आंब्याच्या कलमांवर, त्यांच्या मालकांवर, पेटीच्या भावांवर कोकणात भरपूर लिहिले गेले. बर्फाच्या कारखान्यावर, लादी ओढणाऱ्या हमालावर, लग्नाच्या मांडवामागे घामाघूम होऊन पॉट फिरवणाऱ्या माणसावर त्या मानाने काहीच नाही. ज्यांच्या घरी जुन्या बर्फ कारखान्याच्या वह्या, बंदरातल्या बर्फाची बिले, परवाने किंवा पॉट आइस्क्रीमच्या ऑर्डरींची पाने पडून असतील त्यांनी ती रद्दीत घालू नयेत. रत्नागिरीत १८२८ सालापासूनचे नगर वाचनालय आहे. हे कागद तिथे नेऊन द्यावेत, आणि ज्या वृद्धांनी हे काम केले आहे त्यांच्याकडून ते कसे केले हे याच वर्षी लिहून घ्यावे.