पाणलोट क्षेत्र आणि सेवाक्षेत्र

पाणलोट क्षेत्र : जमिनीवर पडलेले पावसाचे पाणी उताराने वाहत एखाद्या ठिकाणी, म्हणजे ओढ्याच्या मुखाशी, धरणाच्या भिंतीशी किंवा नदीच्या संगमाशी येते. त्या ठिकाणाला पाणी पुरवणारा सगळा प्रदेश म्हणजे त्याचे पाणलोट क्षेत्र. दोन पाणलोटांच्या मधली उंचवट्याची रेषा म्हणजे जलविभाजक. लोकसेवांच्या नियोजनात हीच कल्पना माणसांना लावली जाते : एखाद्या शाळेत किंवा दवाखान्यात जिथून लोक येतात, किंवा यावेत असे ठरवलेले असते, ते त्या संस्थेचे सेवाक्षेत्र. सरकारी कागदांत त्याला कार्यक्षेत्र म्हणतात, बोलताना नुसते हद्द. पहिली रेषा डोंगर आखतात, दुसरी माणसे आखतात. म्हणून दुसरीचे उत्तर माणसांकडे मागता येते, आणि ते मागायलाच हवे.

पाणलोट कुठला, हे मुख कोणते धरले यावर ठरते. एकाच नदीवर पाच ठिकाणे निवडली तर पाच पाणलोट मिळतात आणि वरचा प्रत्येक पाणलोट खालच्याच्या पोटात असतो. सर्वेक्षण विभागाच्या नकाशावर हद्द काढताना मुखापासून सुरुवात करून दोन्ही बाजूंनी समोच्च रेषा काटकोनात ओलांडत वर चढायचे, डोंगरधारेच्या माथ्याने जायचे आणि दोन्ही टोके वर मिळवायची. ही रेषा मुखाखेरीज कुठेही ओढा ओलांडत नाही. ओलांडली, तर नकाशा चुकीचा वाचला गेला.

महाराष्ट्राचा मुख्य जलविभाजक सह्याद्री. गोदावरी त्र्यंबकेश्वरला, अरबी समुद्रापासून जेमतेम ८० किमी.वर उगम पावते आणि सुमारे १,४६५ किमी. वाहून बंगालच्या उपसागराला मिळते. तिचे खोरे सुमारे ३ लाख १३ हजार चौ. किमी. असून राज्याची जवळपास निम्मी जमीन त्यात येते. महाबळेश्वरच्या एकाच पठारावरून कृष्णा आणि कोयना पूर्वेला, तर सावित्री पश्चिमेला जाते. मात्र माणसाने ही विभागणी ठिकठिकाणी मोडली आहे. कोयना धरणात अडवलेले पाणी बोगद्यांतून पश्चिमेला पोफळीकडे सोडून वीज निर्माण करतात आणि ते पुढे वाशिष्ठी नदीत जाते. कऱ्हाडला कृष्णेला मिळाले असते ते पाणी चिपळूणवरून समुद्राला मिळते. मुळशी आणि लोणावळा परिसरातील टाटांच्या धरणांनीही भीमेच्या खोऱ्यातले पाणी असेच कोकणात उतरवले आहे.

पाणलोटाचे क्षेत्रफळ कळले म्हणून येणारे पाणी कळत नाही. पडलेल्या पावसापैकी जमिनीवरून वाहून नदीला मिळणाऱ्या भागाला अपधाव म्हणतात. मुंबई इलाख्यात काम केलेले अभियंते स्ट्रेंज यांनी पाणलोटांचे चांगला, मध्यम आणि वाईट असे प्रकार धरून अपधावाची कोष्टके केली. वाईट म्हणजे ज्यातून पाणी कमी वाहून येते तो पाणलोट. ही नजर धरण बांधणाऱ्याची आहे. तेच पाणी मुरून ज्याच्या विहिरीला लागते, त्या शेतकऱ्याला तो पाणलोट वाईट म्हणता येणार नाही. पुढे इंग्लिस आणि डिसूझा यांनी घाटमाथा आणि दख्खनचे पठार यांसाठी वेगळी सूत्रे बसवली. पठारी सूत्राने वर्षाला ६० सेंमी. पावसाचा अपधाव सुमारे १० सेंमी. येतो. पाऊस ८० झाला तर अपधाव जवळपास २० होतो, ४० वर घसरला तर साडेतीन. पाऊस एक-तृतीयांशाने घटला की धरणाचा येवा, म्हणजे त्यात येणारे पाणी, दोन-तृतीयांशाने घटतो. अवर्षणप्रवण तालुक्यांतले तलाव बेताच्या पावसातही कोरडे का राहतात, ते या गणितात दिसते. घाटमाथ्यावर ३०० सेंमी. पावसातले सुमारे २२५ सेंमी. पाणी वाहून येते.

वर नवे धरण झाले की खालच्या धरणाचा तेवढा पाणलोट अडतो. जो भाग अडलेला नाही तो मुक्त पाणलोट. पैठणच्या जायकवाडी धरणाचा वाद इथेच आहे. त्याच्या वर गंगापूर, दारणा, मुळा, भंडारदरा अशी धरणे आहेत आणि दुष्काळी वर्षी ती भरेपर्यंत खाली फारसे काही उतरत नाही. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम, २००५ मध्ये समन्यायी वाटपाचे तत्त्व आले आणि त्याच्या आधारे नाशिक-नगरच्या धरणांतून जायकवाडीसाठी पाणी सोडले जाते. वरच्या शेतकऱ्याचा त्याला विरोध असतो आणि त्याची अडचण खरी आहे. तरी खोरे एक मानले तर टंचाईही सगळ्या खोऱ्याने वाटून घेतली पाहिजे.

पाणलोट विकासाची कामे माथा ते पायथा या क्रमाने करतात : डोंगरउतारावर सलग समतल चर, ओघळींत अनघड दगडी बांध, शेतांत बांधबंदिस्ती, शेवटी नाल्यावर माती किंवा सिमेंटचा बंधारा. क्रम उलटा झाला की वरची माती येऊन बंधारा गाळाने भरतो. राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार या गावांनी जमिनीच्या कामाला वापराच्या शिस्तीची जोड दिली. हिवरे बाजारने शेतीसाठी बोअरवेल घेण्यावर बंदी घातली. विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगावात १९७२च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली. तिथे पाण्याचा हिस्सा जमिनीवर न ठरवता कुटुंबातील माणसांवर ठरवला.

सेवाक्षेत्राचा एक जुना नकाशा पाण्याचाच आहे. लंडनमध्ये १८५४ साली पटकीची साथ आली असता डॉ. जॉन स्नो यांनी मृत्यू नकाशावर मांडले आणि ब्रॉड स्ट्रीटचा पंप पायी चालून कुठपर्यंत सर्वांत जवळ पडतो, त्याची रेषा काढली. त्यांनी सरळ अंतर न घेता रस्त्याने चालायचे अंतर घेतले, यातच त्या नकाशाचे मोल आहे. उलट १९११ साली थीसेन यांनी पर्जन्यमापकांसाठी सुचवलेले बहुभुज सरळ अंतरावर उभे आहेत. आज सेवाक्षेत्रे आखायलाही ते वापरतात. सपाटीवर चालून जाते, घाटात फसते.

भारतीय निकषांनुसार प्राथमिक आरोग्य केंद्र सपाटीवर ३०,००० आणि डोंगरी-आदिवासी भागात २०,००० लोकसंख्येमागे एक, तर उपकेंद्र अनुक्रमे ५,००० आणि ३,००० मागे एक असते. शाळा पहिली ते पाचवीसाठी १ किमी. आणि सहावी ते आठवीसाठी ३ किमी.च्या आत हवी. हेच १ किमी. पुढे वादाचा विषय झाले. सरकारी किंवा अनुदानित शाळा तेवढ्या अंतरात असेल तर खासगी विनाअनुदानित शाळेला दुर्बल घटकांतील मुलांसाठीच्या २५ टक्के राखीव प्रवेशातून सूट, असा नियम महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये केला. मुंबई उच्च न्यायालयाने तो त्याच वर्षी जुलैमध्ये रद्द केला. डोंगरी वाड्यांचा प्रश्न याहून साधा आहे. समोर दिसणारी शाळा ओढ्यापलीकडे असते, नकाशावर अर्धा किलोमीटर. पावसाळ्यात ओढा भरला की पुलापर्यंत वळसा पडतो आणि त्या वाडीची पोरे निकषाच्या आत असूनही घरी राहतात. अंतर पावसाळ्यातल्या पायवाटेने मोजावे, असे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे.

साखर कारखान्यांनाही कार्यक्षेत्र असते. राज्यात दोन कारखान्यांत किमान २५ किमी. हवाई अंतराची अट आहे. या कारखान्यांचा ऊस तोडायला दिवाळीच्या सुमारास बीडसारख्या जिल्ह्यांतून कुटुंबे निघतात आणि हंगाम संपल्यावरच परततात. आशा सेविकेची नोंदवही, अंगणवाडीची यादी, शाळेची हजेरी, सारे गावाच्या लोकसंख्येवर बेतलेले असते. त्यामुळे फडावर बाळंत होणारी बाई दोन्हीकडच्या याद्यांतून निसटू शकते, तिच्या बाळाची लस चुकू शकते. मुलांना गावातच ठेवता यावे म्हणून हंगामी वसतिगृहांची योजना आहे, पण तान्ह्या मुलाला आईबरोबर जावेच लागते. त्याच्यासाठी तोडणीच्या मुक्कामाची जागा त्या हंगामापुरती जवळच्या आरोग्य केंद्राच्या कार्यक्षेत्रात धरावी लागते, आणि तिथल्या सेविकेच्या यादीत त्याचे नाव चढवावे लागते.