दिनविशेष : २१ ऑगस्ट
तैपेईत १४२ किलो

२०१७ : तैवानची राजधानी तैपेई येथील जागतिक विद्यापीठ क्रीडा स्पर्धेत कुओ शिंग-चुन हिने महिलांच्या ५८ किलो गटात क्लीन अँड जर्क प्रकारात १४२ किलो वजन उचलले आणि सुवर्णपदक जिंकले. तो जागतिक विक्रम ठरला. चीनच्या च्यू होंगमेईचा १४१ किलोंचा विक्रम २००७ पासून टिकून होता. तो एका किलोने मोडला, तोही घरच्या प्रेक्षकांसमोर.

विद्यापीठ स्पर्धा म्हणजे ऑलिंपिकची रंगीत तालीम, असे समजून वर्तमानपत्रे तिला कोपऱ्यात टाकतात. आम्हीही त्याला अपवाद नाही. पण त्या दिवशी या विद्यार्थिनीने स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ अडीचपट वजन डोक्यावर धरले होते. जगातल्या कुठल्याच महिलेला त्या गटात तोवर ते जमले नव्हते.

पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय भारोत्तोलन महासंघाने वजनगट बदलले आणि ५८ किलोचा गट बंद झाला. २०२५ मध्ये तो परत आला, पण विक्रमांची पाटी कोरी करून. त्यामुळे जुन्या वहीत १४२ चा आकडा कायमचा राहिला. मधल्या काळातील नव्या ५९ किलो गटात खुद्द कुओने २०१९ च्या जागतिक स्पर्धेत १४० किलो उचलले. २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकचे सुवर्ण तिने पटकावले, तेव्हा तिचा जर्क होता १३३ किलोंचा.