टोचणी, ताप आणि लकवा : वऱ्हाडातील एका भीतीचा इतिहास

१/
२२ फेब्रुवारी २०२१ च्या रात्री अमरावती आणि अचलपूर ही शहरे आठवडाभरासाठी बंद झाली. अकोला, अकोट, मूर्तिजापूर येथेही कडक निर्बंध आले. देशभर करोना ओसरल्याची भावना असताना वऱ्हाडात तो पुन्हा उसळला होता. सातच दिवसांनी, १ मार्चपासून, साठीपुढच्या नागरिकांचे लसीकरण सुरू झाले. आणि आणखी दोन आठवड्यांत युरोपातून बातमी आली की, ॲस्ट्राझेनेकाची लस घेतलेल्या काही जणांच्या मेंदूत रक्ताच्या गुठळ्या आढळल्या आहेत.

२/
तीच लस पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट ‘कोव्हिशील्ड’ या नावाने बनवत होती. साथ, लस आणि बातमी अशा तिन्ही गोष्टी वऱ्हाडाच्या दारात जवळजवळ एकदमच आल्या. ‘लस घेतली की लकवा मारतो’ हे वाक्य त्या उन्हाळ्यात ओट्यावर आणि मोबाइलवर फिरत राहिले. या भीतीला अडाणीपणा म्हणून झटकणे सोपे आहे. परंतु तिच्यामागे सव्वाशे वर्षांचा अनुभव होता आणि त्यातला काही अनुभव खराही होता. हा धागा त्या अनुभवाविषयी.

३/
आधी शब्द. वैद्यकात पक्षाघात, म्हणजे ‘स्ट्रोक’, ही मेंदूच्या रक्तवाहिनीची दुर्घटना आहे : वाहिनीत गुठळी अडकते किंवा वाहिनी फुटते. बोलीतला ‘लकवा’ मात्र याहून फार व्यापक आहे. तोंड वाकडे होणे, पोलिओने पाय लुळा पडणे, मज्जातंतूंच्या दाहाने अंग निकामी होणे, हे सारे लकवाच. एकाच शब्दात अनेक आजार मावत असल्याने एका लशीविषयीची आठवण दुसऱ्या लशीला सहज चिकटते. या इतिहासाची किल्ली येथे आहे.

४/
पश्चिम भारताचा लशीशी पहिला परिचय १४ जून १८०२ रोजी झाला. त्या दिवशी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचण्यात आली. मराठीने ही परकी क्रिया आपल्या श्रद्धेच्या शब्दात सामावून घेतली : रोग ‘देवी’, आणि लस टोचणे म्हणजे ‘देवी काढणे’. दंडावरचा व्रण ही कित्येक पिढ्यांची खूण ठरली. लस मान्य झाली, तरी तिच्याविषयीची धास्ती संपली नाही. त्या धास्तीला पहिला मोठा आधार प्लेगच्या काळात मिळाला.

५/
वाल्देमार हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी मुंबईत प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढे लाखोंनी ती घेतली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल गावी १०७ जणांना लस देण्यात आली आणि त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. चौकशीने ठपका परळच्या प्रयोगशाळेवर ठेवला. हाफकिन यांचे पद गेले.

६/
निर्णायक पुरावा मात्र साधा होता. मेलेले सर्व १९ जण एकाच बाटलीतली लस घेतलेले होते. त्याच दिवशी इतर बाटल्यांतून लस मिळालेल्या कोणालाही धनुर्वात झाला नाही. बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. १९०७ मध्ये हाफकिन दोषमुक्त ठरले. मृत्यू खरे होते, टोचणीनंतरच झाले होते, तरी दोष लशीत नव्हता. ‘नंतर’ आणि ‘मुळे’ या दोन शब्दांतले अंतर तुलनेनेच मोजता येते, हा मुल्कोवालचा धडा.

७/
आता उलट बाजू. वऱ्हाडातल्या कोणत्याही घरात ‘कुत्रा चावला की पोटात चौदा इंजेक्शने’ हे वाक्य परिचयाचे आहे. ही रेबीजविरोधी सेंपल लस. डेव्हिड सेंपल यांनी ती १९११ मध्ये कसौली येथे विकसित केली. मेंढीच्या मेंदूत विषाणू वाढवून तो कार्बॉलिक आम्लाने निष्प्रभ केला जाई. लशीबरोबर मेंढीच्या मज्जासंस्थेचा अंशही शरीरात जाई.

८/
त्या अंशाविरुद्ध काही रुग्णांच्या शरीरात प्रतिकार जागा होई आणि तो स्वतःच्याच मज्जातंतूंच्या आवरणावर हल्ला करी. परिणाम : पाय लुळे पडणे, कधी मृत्यू. निरनिराळ्या नोंदींत हे प्रमाण काही शेकड्यांमागे एक ते काही हजारांमागे एक असे आढळते. हा पक्षाघात नव्हे, परंतु बोलीत लकवाच. भारताने या लशीचे उत्पादन २००४ च्या डिसेंबरात थांबवले. म्हणजे २०२१ मध्ये रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येक वृद्धाच्या हयातीत लशीने खरोखर लकवा होत असे. लोकस्मृती येथे खोटे बोलत नव्हती.

९/
लकव्याशी लशीचे तिसरे नाते तारकाचे. पोलिओचा शेवटचा नैसर्गिक रुग्ण भारतात १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात नोंदला गेला. २७ मार्च २०१४ रोजी देश पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला. तोंडावाटे दिलेल्या थेंबांतील दुर्बल विषाणूमुळेही लाखो डोसांमागे एखाद्या बालकाला लकवा होऊ शकतो. हे लपवले गेले नाही. २०१५ च्या नोव्हेंबरपासून निष्क्रिय विषाणूचे इंजेक्शनही कार्यक्रमात आले. धोका ओळखून पद्धत बदलणे हे विज्ञानाच्या पराभवाचे लक्षण नसून त्याच्या कामाची रीत आहे.

१०/
या पार्श्वभूमीवर २०२१ कडे पाहू. ११ मार्चला डेन्मार्कने ॲस्ट्राझेनेकाची लस थांबवली. १५ मार्चला जर्मनी, फ्रान्स, इटली व स्पेन यांनीही. ७ एप्रिलला युरोपीय औषध संस्थेने सांगितले की, अतिशय दुर्मीळ अशा गुठळ्यांशी या लशीचा संबंध असणे शक्य आहे. त्याच दिवशी ब्रिटनने तिशीखालच्यांसाठी पर्यायी लशीचा सल्ला दिला. ७ मे रोजी ही मर्यादा चाळिशीपर्यंत नेली. तरुणांना करोनाचा धोका कमी, म्हणून तराजू वेगळा झुकला.

११/
जर्मनी आणि नॉर्वेतील वैद्यांनी काही आठवड्यांतच कार्यकारण शोधले. रक्तबिंबिकांतील ‘पीएफ-४’ या प्रथिनाविरुद्ध काहींच्या शरीरात प्रतिपिंडे तयार होत. त्यामुळे बिंबिका एकीकडे गुठळ्या करीत आणि दुसरीकडे रक्तातली त्यांची संख्या कोसळे. गुठळी बहुधा मेंदूच्या शिरांत होई. हा नेहमीचा पक्षाघात नव्हे, आणि नेहमीचे हेपॅरिन येथे टाळावे लागे. लवकर ओळख पटली तर उपचार होता. म्हणूनच लोकांना माहिती देणे हे भीती पसरवणे नव्हते, जीव वाचवणे होते.

१२/
भारतात लसीकरणोत्तर घटनांच्या राष्ट्रीय समितीचा निष्कर्ष १७ मे २०२१ रोजी जाहीर झाला. अभ्यासलेल्या ४९८ गंभीर घटनांपैकी २६ संभाव्य गुठळीच्या होत्या, सर्व कोव्हिशील्डनंतरच्या. प्रमाण दर १० लाख डोसांमागे ०.६१. त्या वेळी ब्रिटनचे प्रमाण ४ आणि जर्मनीचे १० सांगितले गेले. लशीनंतर २० दिवसांत तीव्र, न थांबणारी डोकेदुखी, धाप, छातीत दुखणे, अंगाचा एखादा भाग लुळा पडणे अशी लक्षणे दिसल्यास तत्काळ कळवावे, अशी सूचनाही निघाली.

१३/
हे प्रमाण किती पूर्ण मानायचे? इतिहासाचा अभ्यासक जनगणनेला जो प्रश्न विचारतो, तोच येथे लागू आहे : नोंद कोणी केली आणि कोणाची राहून गेली? मेंदूच्या शिरेतील गुठळी सिद्ध होण्यासाठी स्कॅन लागतो, बिंबिकांची मोजणी लागते. एप्रिल-मे २०२१ मध्ये खाटेसाठी आणि प्राणवायूसाठी धावाधाव चालू असताना धारणी-चिखलदऱ्याच्या पाड्यावरचे प्रत्येक दुखणे तिथवर पोहोचणे अवघड होते. कमी नोंद म्हणजे कमी घटना, असे सरळ समीकरण नाही.

१४/
तथापि दुसरे गणितही मांडले पाहिजे. भारतीय पाहण्यांत वर्षाला दर लाखामागे सुमारे १०५ ते १५२ जणांना पक्षाघात होतो. २०११ च्या जनगणनेत अमरावती जिल्ह्याची लोकसंख्या २८.८८ लाख, अकोल्याची १८.१४ लाख. या हिशेबाने दोन जिल्ह्यांत मिळून रोज सुमारे चौदा ते वीस जणांना पक्षाघात व्हावयाचाच. लस असो वा नसो. त्यांत बहुसंख्य वयस्क, आणि १ मार्चपासून रांगेत उभे होते तेही वयस्कच.

१५/
म्हणजे ‘परवा लस घेतली, आज लकवा मारला’ अशी उदाहरणे घडणे अटळ होते. ज्या घरात ते घडले, त्या घराला हे गणित सांत्वन देत नाही. त्यांचा क्रम खरा, त्यांचे दुःख खरे. प्रश्न एवढाच : लशीनंतरच्या दिवसांत असे प्रसंग नेहमीपेक्षा जास्त घडले का? मुल्कोवालला एका बाटलीची तुलना दुसरीशी झाली. येथे तुलना कशाची कशाशी करावयाची?

१६/
संख्याशास्त्राने सुंदर उत्तर शोधले : माणसाची तुलना त्याच्याशीच करावी. लशीनंतरचे काही आठवडे एका बाजूला, त्याच व्यक्तीचे इतर दिवस दुसऱ्या बाजूला. वय, साखर, रक्तदाब, तंबाखू सारे तेच राहते. या पद्धतीने ब्रिटनमध्ये झालेला अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. फ्लू, धनुर्वात आणि न्यूमोकॉकस यांच्या लशींनंतर पक्षाघाताचा धोका वाढलेला दिसला नाही. श्वसनमार्गाच्या संसर्गानंतर मात्र पहिल्या तीन दिवसांत तो तिप्पट झाला.

१७/
२०२१ मध्ये इंग्लंडात २.९ कोटी लसधारकांवर हीच पद्धत वापरली गेली. दर १ कोटी लोकांमागे मेंदूच्या शिरांतील गुठळीचे जादा रुग्ण ॲस्ट्राझेनेकानंतर ७, करोना झाल्यावर २०. गुठळी अडकून होणाऱ्या पक्षाघाताचे जादा रुग्ण फायझरच्या लशीनंतर १४३, करोना झाल्यावर १,६९९. लशीचा धोका शून्य नव्हता. पण जो ताप टाळण्यासाठी लस होती, तो ताप पक्षाघाताचा कितीतरी मोठा वाटाड्या होता. २०२१ च्या वऱ्हाडात तो ताप घराघरात होता.

१८/
संसर्गातून पक्षाघात हे नाते करोनापुरते नाही. ‘नागीण’ कमरेला वेढा घालून मिळाली की माणूस वाचत नाही, असा समज आहे. वेढ्याची गोष्ट निराधार. परंतु २०१४ च्या एका ब्रिटिश अभ्यासात नागिणीनंतरच्या पहिल्या महिन्यात पक्षाघाताचा धोका दीडपटीहून अधिक आढळला. लोकसमजाने धोका ओळखला, कारण मात्र चुकीचे दिले. लशीच्या भीतीतही काहीसे असेच घडले.

१९/
२०२४ च्या एप्रिल अखेरीस बातमी आली की, ॲस्ट्राझेनेकाने ब्रिटिश न्यायालयापुढे हा दुर्मीळ दुष्परिणाम मान्य केला. वऱ्हाडातही जुनी प्रमाणपत्रे पुन्हा उघडली गेली. वस्तुतः ही गोष्ट तीन वर्षे जाहीर होती आणि जोखीम लशीनंतरच्या काही आठवड्यांपुरतीच होती. खरा प्रश्न वेगळा होता : ज्यांच्या वाट्याला तो दुर्मीळ परिणाम आला त्यांचे काय? ब्रिटनमध्ये लसबाधितांसाठी १९७९ पासून भरपाईचा कायदा आहे. भारत सरकारने २०२२ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयात सांगितले की, कुटुंबांनी दिवाणी न्यायालयात दाद मागावी.

२०/
सर्वांच्या हितासाठी दंड पुढे करणाऱ्याला, बाधा झाल्यास, स्वतःच पुरावा गोळा करीत कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागणे हे लशीचे अपयश नव्हे. तो व्यवस्थेचा निर्णय आहे. आणि ‘काहीच होत नाही’ असे सांगणाऱ्यापेक्षा ‘इतक्यांत एकाला होते, ही लक्षणे, येथे या’ असे सांगणाऱ्यावर लोक अधिक विश्वास ठेवतात. २०२१ मध्ये मेळघाटात लसीकरणासाठी कोरकू भाषेतून जनजागृती झाली. धोक्याचे आकडेही त्याच भाषेत सांगितले, तरच ती समजावणी पुरी होते.

२१/
देवीच्या व्रणापासून चौदा इंजेक्शनांपर्यंत आणि पोलिओच्या थेंबांपासून कोव्हिशील्डपर्यंत वऱ्हाडाने लशीची सर्व रूपे पाहिली : तारणारी, नाहक बदनाम झालेली, आणि क्वचित खरोखर इजा करणारी. या तिन्ही आठवणी एका ‘लकवा’ शब्दात कालवल्या गेल्या, तेव्हा भीती उरली. त्या वेगवेगळ्या ठेवल्या, तर पुढच्या साथीत उपयोगी पडेल असे शहाणपण उरते.

(धागा समाप्त)