पस्तिसाव्या हिश्शातली रुग्णवाहिका

शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांत रणगाडे, तोफा आणि लढाऊ विमाने यांचे नमुने हमखास दिसतात. जखमींना उचलून आणणाऱ्या गाडीचा नमुना मात्र क्वचितच पाहायला मिळतो. म्हणून आम्ही युद्धातली रुग्णवाहिका करायला घेतली. निवड केली ती पहिल्या महायुद्धातल्या फोर्ड 'मॉडेल टी' रुग्णवाहिकेची. हिचा प्लॅस्टिकचा सुटा संच १:३५ या मापात मिळतो. तो नसला तर पुठ्ठा आणि आइस्क्रीमच्या काड्या यांतूनही काम भागते. गाडी जोडताना एक गोष्ट ध्यानात आली. रंग कोणता द्यायचा, चिखल कुठे लावायचा, गंज कुठे दाखवायचा, या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर इतिहासात शोधावे लागते.

गाडी येण्यापूर्वी

अठराव्या शतकात लढाई संपेपर्यंत जखमी सैनिक रणांगणावरच पडून राहत. १७९२ मध्ये फ्रेंच शल्यचिकित्सक दोमिनिक लारे याने ही पद्धत बदलायचे ठरवले. त्याने घोड्यांच्या हलक्या, स्प्रिंग बसवलेल्या गाड्या तयार करवल्या आणि लढाई चालू असतानाच जखमींना उचलण्याची व्यवस्था बसवली. या गाड्यांना 'उडत्या रुग्णवाहिका' असे नाव पडले.

पुढे १८५९ मध्ये इटलीतील सोल्फेरिनोच्या लढाईनंतर हजारो जखमींचे हाल हेन्री द्युनाँ या स्विस गृहस्थाने पाहिले. त्याने केलेल्या प्रयत्नांतून १८६४ चा जिनिव्हा करार झाला आणि पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा तांबडा क्रॉस हे संरक्षणाचे चिन्ह ठरले. स्वित्झर्लंडच्या ध्वजाचे रंग उलट केले की हे चिन्ह मिळते. नमुन्याच्या बाजूवर आपण जे चौकोनी चिन्ह चिकटवतो, त्यामागे एवढा इतिहास आहे.

पुणे डिव्हिजनचे जखमी

गाडीला स्प्रिंग असणे किती मोलाचे, हे समजण्यासाठी आपल्याला युरोपात जाण्याची गरज नाही. १९१५ साली मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, ब्रिटिशांच्या बाजूने लढत होती ती हिंदी सैन्याची सहावी पुणे डिव्हिजन. १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी तिच्यात होत्या. नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादजवळ टेसिफोन येथे तुर्की सैन्याशी झालेल्या लढाईत या डिव्हिजनचे हजारो सैनिक जखमी झाले.

त्यांना नदीकाठच्या बोटींपर्यंत नेण्यासाठी मोटार रुग्णवाहिका नव्हत्या. होत्या त्या सामान वाहणाऱ्या, खेचरे जुंपलेल्या दोनचाकी गाड्या. त्यांना स्प्रिंग नव्हती. मोडलेल्या मांडीचे हाड घेऊन असल्या गाडीतून खडबडीत जमिनीवर कित्येक किलोमीटर जाणे म्हणजे काय, याची कल्पनाच केलेली बरी. पुढे बोटींवरही गर्दी आणि अस्वच्छता यांनी हाल झाले. हिंदी वैद्यकीय सेवेतील मेजर कार्टर या डॉक्टरने बसऱ्याला पोहोचलेल्या बोटीची अवस्था पाहून आवाज उठवला. चौकशी आयोग नेमला गेला, त्याचा अहवाल १९१७ मध्ये प्रसिद्ध झाला आणि भारतमंत्री ऑस्टेन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. पुढच्या काळात मेसोपोटेमियातही फोर्डच्या हलक्या गाड्या मोठ्या संख्येने आल्या; पण टेसिफोनच्या जखमींना त्याचा उपयोग नव्हता.

गाडीची रचना

आम्ही नमुना केला तो फ्रान्समधील 'अमेरिकन फील्ड सर्व्हिस' या संघटनेच्या गाडीचा. १९१५ पासून ही संघटना फ्रेंच सैन्यासाठी रुग्णवाहिका चालवत होती. तिचे चालक स्वयंसेवक होते आणि त्यांत महाविद्यालयीन विद्यार्थी पुष्कळ होते.

मॉडेल टी गाडीला चार सिलिंडरांचे २.९ लिटरचे, सुमारे २० अश्वशक्तीचे इंजिन होते. पुढे एक आणि मागे एक असे आडवे कमानपाटे होते. गाडी वजनाला इतकी हलकी की चिखलात रुतली तर चार-पाच माणसे ती उचलून बाहेर काढत. पेट्रोलची टाकी चालकाच्या आसनाखाली असे आणि पेट्रोल इंजिनाकडे केवळ उतारामुळे वाहत जाई. चढावर इंजिन वर उचलले जाई आणि टाकीत पेट्रोल कमी असेल तर ते पोहोचेना. तेव्हा चालक गाडी उलटी करून मागच्या मागे चढ चढवत! गुरुत्वाकर्षणाचा हा धडा वर्गात सांगून पाहा, विद्यार्थी विसरणार नाहीत.

मागचा डबा लाकडी होता. त्यात तीन जखमी आडवे किंवा चार जण बसून नेता येत.

माप आणि जोडणी

मूळ गाडीच्या पुढच्या व मागच्या आसांमधले अंतर २५४ सेंटिमीटर. ३५ ने भागले की ७.२६ सेंटिमीटर येतात. स्ट्रेचरची लांबी दांड्यांसह सुमारे २३० सेंटिमीटर, म्हणजे नमुन्यात ६.६ सेंटिमीटर. स्ट्रेचर जवळजवळ आसांमधल्या अंतराएवढे लांब! चालकाची जागा वजा केली की ते मागच्या चाकांच्या पलीकडे का जाते आणि डबा मागे इतका का लोंबतो, हे लगेच कळते.

संचातले भाग पॉलिस्टायरीनचे असतात. त्यांना लावायचे द्रावण हे खरे पाहता डिंक नव्हे. ते प्लॅस्टिकचा पृष्ठभाग विरघळवते, दोन्ही भागांतल्या लांब रेणूंच्या साखळ्या एकमेकींत गुंततात आणि द्रावक उडून गेला की सांधा एकजीव होतो. हे काम खिडकी उघडी ठेवूनच करावे. जोडण्याआधी भाग साबणाच्या पाण्याने धुवावेत, नाहीतर साच्यातला तेलकटपणा रंग धरू देत नाही.

डब्यावरच्या कापडी पडद्यासाठी आम्ही आधी पट्टीचे कापड वापरले. ते फसले. कापडातला पाव मिलिमीटर जाडीचा धागा ३५ पटींनी सुमारे ९ मिलिमीटरचा, म्हणजे दोरखंडासारखा दिसतो. मग पातळ टिश्यू पेपर पाणी घातलेल्या फेव्हिकॉलमध्ये भिजवून बसवला. वस्तू लहान केली तरी तिचे द्रव्य आपोआप लहान होत नाही, हा धडा त्यातून मिळाला.

रंग आणि जुनेपण

डब्याला करडा रंग द्यायचा होता. लांबून पाहिलेल्या वस्तूचे रंग हवेमुळे फिके भासतात. हातातला नमुना म्हणजे लांबून पाहिलेली गाडीच. म्हणून रंगात थोडा पांढरा मिसळला. थर पातळच हवा, कारण दहाव्या हिश्शाचा एक मिलिमीटर येथे साडेतीन मिलिमीटर होतो. रंग वाळल्यावर काळपट पातळ रंग कुंचल्याने फिरवला. केशाकर्षणाने तो फटींत आणि खिळ्यांच्या डोक्यांभोवती जाऊन बसतो आणि बारकावे उठून दिसतात.

यानंतरचे काम मोहाचे. पुष्कळ जण नमुन्यावर सरसकट गंज फासतात. पण या गाडीचा डबा लाकडी आहे आणि लाकूड गंजत नाही. गंज दाखवायचा तो मडगार्ड, साखळ्या आणि बिजागऱ्या यांवर. खरचटल्याच्या खुणाही विचार करून काढाव्या लागतात. १९१४ ते १९२५ या काळात फोर्डच्या कारखान्यातून मॉडेल टी फक्त काळ्या रंगात बाहेर पडे. म्हणून बॉनेटवरचा करडा रंग उडाला तर खाली चकचकीत धातू दिसणार नाही, काळा रंग दिसेल.

चिखलाचा रंग ठरवायला नकाशा पाहावा लागला. १९१६ मध्ये व्हेर्दंच्या लढाईत फ्रेंचांची रसद मुख्यतः बार-ल-द्यूकहून येणाऱ्या एकाच रस्त्यावर अवलंबून होती. तो रस्ता टिकवण्यासाठी त्यावर सतत चुनखडीचे दगड टाकले जात आणि गाड्यांची चाकेच ते चिरडत. म्हणजे तेथला चिखल पांढरट. आम्ही फळ्यावरचा खडू कुटून, त्यात किंचित पिवळी माती मिसळून चाकांच्या मागे आणि डब्याच्या खालच्या भागावर लावला. हा खडू बहुधा जिप्समचा असतो, पण रंग जुळतो. तीच गाडी मेसोपोटेमियात दाखवायची असेल तर चिखलाऐवजी पिवळसर धूळ हवी, आणि ती वरच्या आडव्या पृष्ठभागांवर अधिक.

वर्गात काय करता येईल?

एका गटाला स्प्रिंग असलेली आणि दुसऱ्याला नसलेली पुठ्ठ्याची गाडी करायला सांगावी. दोन्हींत पाण्याची काठोकाठ भरलेली बाटलीची झाकणे ठेवून खडबडीत पाटावरून ओढावीत आणि सांडलेले पाणी मोजावे. नंतर टेसिफोनची हकीकत सांगावी. तांबड्या क्रॉसची गोष्टही सांगावी. आपल्याकडे १९६० च्या जिनिव्हा करार कायद्यानुसार हे चिन्ह कोणालाही मनाला येईल तसे वापरता येत नाही, तरी दवाखान्यांच्या पाट्यांवर आणि खासगी मोटारींवर ते सर्रास दिसते. विद्यार्थ्यांनी आपल्या गावात ते कुठे कुठे दिसते याची नोंद करावी.

आमचा नमुना आता कपाटात उभा आहे. तो खाली पडला तरी सहसा मोडत नाही, कारण लांबी ३५ पटींनी घटली की वजन ४२,८७५ पटींनी घटते. खऱ्या गाडीचे आणि तिच्यातल्या माणसांचे तसे नव्हते. म्हणून नमुन्याशेजारी ठेवलेल्या कार्डावर आम्ही गाडीच्या मापांबरोबर पुणे डिव्हिजनचे नाव आणि १९१५ हे सालही लिहिले आहे. पाहणारी मुले आधी विचारतात, या गाडीचा आणि पुण्याचा काय संबंध? तिथूनच तास सुरू होतो.