पवनारचा कारभार: प्रवरपुरापासून ग्रामसभेपर्यंत

गांवच्या कारभाराचा इतिहास लिहिण्याची आमच्याकडे फारशी चाल नाहीं. राजधान्यांचा, किल्ल्यांचा, घराण्यांचा इतिहास लिहिला जातो. परंतु गांवचा पैसा कोण जमवी, तो कोणत्या कामीं खर्ची पडे, त्याचा हिशेब कोण कोणास देई, आणि न दिल्यास पुढें काय होई, हे प्रश्न बखरकारांस सुचले नाहींत. त्यांच्यामागून आलेल्या विद्वानांपैकीं बहुतेकांसहि ते क्षुल्लकच वाटले. साधनांची टंचाई हें याचें एक कारण खरें. परंतु जेथें साधनें आहेत तेथें तरी हा प्रश्न विचारून पाहण्यास हरकत नसावी. वर्ध्याहून आठ-नऊ किलोमीटरांवर धाम नदीच्या कांठीं वसलेलें पवनार हें असें एक स्थळ आहे. राजधानी, मोगली सरकारचें ठाणें, मालगुजारी मौजा आणि ग्रामपंचायत अशा चार अवस्थांतून हें गांव गेलें, आणि त्यांपैकीं पहिल्या अवस्थेचे दस्तऐवज तर तांब्यावर कोरलेले आहेत.

पवनार म्हणजेच वाकाटक नृपति दुसरा प्रवरसेन याची राजधानी प्रवरपूर, हें मत महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनीं मांडलें. त्यापूर्वीची राजधानी नंदिवर्धन ही रामटेकच्या परिसरांत होती. इसवी सनाच्या पांचव्या शतकांत ती तेथून हलली. पवनारास नदीकांठीं रामकथेंतील प्रसंगांचीं शिल्पें मिळालीं, त्यांतील भरतभेटीचें शिल्प तर विनोबांस आश्रमाची जमीन खणतांना सांपडलें. या शिल्पांवरून मिराशींनीं येथें रामचंद्राचें देवालय असल्याचें अनुमान काढलें. १९६७ सालीं नागपूर विद्यापीठानें येथें उत्खननहि केलें. पुढें रामटेकजवळच्या मनसर येथील उत्खननानंतर प्रवरपूर तेंच होय, असा दुसरा पक्ष उभा राहिला. आम्हांस या वादांत पडावयाचें नाहीं. प्रवरपुराहून सुटलेल्या आज्ञा ज्या मुलुखांत चालत त्या मुलुखांत पवनार होतें, एवढें आमच्या विषयास पुरेसें आहे.

या आज्ञांपैकीं अमरावती जिल्ह्यांत अचलपूरजवळ चम्मक येथें सांपडलेला ताम्रपट आम्हांस सर्वांत बोलका वाटतो. प्रवरसेनाच्या राज्याच्या अठराव्या वर्षीं तो प्रवरपुराहून दिला गेला. भोजकट प्रदेशांतील मधुनदीच्या कांठचें चर्मांक नांवाचें गांव, राजमानानें आठ हजार भूमि, एक हजार ब्राह्मणांस दान केल्याचें त्यांत सांगितलें आहे. (हजारांपैकीं प्रत्यक्ष नांवें मात्र एकोणपन्नासांचींच कोरलीं आहेत. दानाचा आंकडा आणि दान घेणारांची यादी यांचा मेळ न बसणें ही गोष्ट इतकी जुनी आहे!) दानाबरोबर दिलेल्या सवलतींची यादी लांबलचक आहे. या गांवानें कर द्यावयाचा नाहीं. राजाचे शिपाईप्यादे यांनीं तेथें शिरावयाचें नाहीं. गाईबैल, फुलें, दूध, चराई, कातडें, कोळसा, मीठ यांवर राजानें हक्क सांगावयाचा नाहीं. वेठ घ्यावयाची नाहीं. जमिनींत पुरलेलें धन निघालें तरी तें दान घेणाऱ्याचें. या यादीकडे उलट बाजूनें पाहिलें म्हणजे ज्या गांवांचें दान झालें नव्हतें त्यांच्याकडून राजा काय काय उकळीत असे, याचा तो एक बिनचूक तक्ताच होतो. पवनारच्या पंचक्रोशींतील कुणब्याच्या दारांतून दूध, फूल आणि बैल कोणत्या वाटेनें जात असत हें दुसऱ्या कोणत्याहि ग्रंथांतून इतकें स्पष्ट कळत नाहीं.

याच पटांत पुढें एक विलक्षण कलम आहे. हें दान चंद्रसूर्य असेपर्यंत चालेल, पण कांहीं अटींवर. दान घेणारांनीं राज्याशीं द्रोह करूं नये. ब्रह्महत्या, चोरी, व्यभिचार, राजाचें अहित असे अपराध करूं नयेत. लढाई करूं नये. इतर गांवांचा अपराध करूं नये. या अटी मोडणाराची, किंवा मोडण्यास संमति देणाराची, जमीन राजानें काढून घेतली तर तो चोरीचा दोषी होणार नाहीं. धर्मादाय दानास अशी अट घातलेली पाहून कित्येकांस त्यांत जबाबदार राज्यपद्धतीचा अंकुर दिसेल. आम्हांस तो दिसत नाहीं. अटींचा रोख कोणीकडे आहे तें पाहावें. द्रोह होऊं नये तो राज्याशीं, अहित होऊं नये तें राजाचें, अपराध होऊं नये तो इतर गांवांचा. खुद्द चर्मांक गांवांत नांगर धरणाऱ्या माणसाशीं नव्या धन्यांनीं कसें वागावें, याविषयीं एक अक्षरहि नाहीं. हिशेब द्यावयाचा तो वर, खालीं नव्हे.

दुसरी गोष्ट संबोधनाची. चम्मकची आज्ञा उद्देशून आहे ती राजाच्या अधिकाऱ्यांस व शिपायांस. तिच्या कांहीं वर्षें आधीं, प्रवरसेनाची माता प्रभावतीगुप्ता ही युवराज दिवाकरसेनाच्या नांवें कारभार पाहत असतां तिनें नंदिवर्धनाहून दिलेला एक पट पुण्यास मिळाला. त्यांत दंगुण नांवाच्या गांवाचें दान आहे, आणि तें गांव म्हणजे आजचें हिंगणघाट असावें असें संशोधक मानतात. म्हणजे पवनारच्या शेजारचीच ही गोष्ट. या पटांत राणी गांवच्या कुटुंबीजनांस आणि ब्राह्मणांस प्रथम कुशल विचारते व मग आज्ञा करते. राजपत्रांत शेतकऱ्याचें नांव येणें, त्याचें कुशल विचारलें जाणें, ही सभ्यता खरीच. तथापि पुढील वाक्य विनंतीचें नाहीं, आज्ञेचेंच आहे. गांव कोणास द्यावें हें ठरून गेलेलें असतें. गांवकऱ्यांस तें कळविलें जातें. कळविणें आणि विचारणें या दोन क्रियापदांमधलें हें अंतर वाचकांनीं ध्यानांत ठेवावें, कारण पुढील पंधराशें वर्षांत आम्हांस त्याचेंच वारंवार दर्शन घडणार आहे.

मधल्या काळांत फार वेळ थांबण्याचें कारण नाहीं. अबुल फजलच्या आईने अकबरींत वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांमध्यें पवनारचें नांव आहे, आणि तीन बाजूंस पाण्यानें वेढलेल्या उंचवट्यावरील बळकट किल्ला असें त्याचें वर्णन आहे. पुढें भोसल्यांचा अंमल आला. सरकार बदललें, ठाणीं हललीं. पाटलानें सारा भरावयाचा आणि रयतेनें तो पाटलाकडे द्यावयाचा, हा क्रम चालू राहिला.

खरा पालट झाला तो इंग्रजी अमलांत. १८६२ सालीं नागपूरपासून वेगळा काढून वर्धा जिल्हा केला. पहिलें मुख्य ठाणें पुलगांवजवळ कवठ्यास होतें, तें १८६६ सालीं हलवून पालकवाडी नांवाच्या खेड्याच्या जागीं नवें वर्धा शहर आंखलें. पाठोपाठ नागपूरकडे जाणारी आगगाडी याच वाटेनें आली. धामच्या कांठचें जुनें ठाणें बाजूला पडलें व कालपर्यंत कोणास ठाऊक नसलेली पालकवाडी जिल्ह्याची राजधानी झाली. एखाद्या गांवाची वाढ वा ओहोटी ही त्या गांवाच्या गुणदोषांवर अवलंबून असते, असें मानणारांनीं पवनार आणि पालकवाडी यांची ही जोडी अवश्य पाहावी.

याच सुमारास जमीनमहसुलाची जी व्यवस्था झाली तिनें पूर्वीं वसुलाचे मक्तेदार असलेल्या पाटलांस व मालगुजारांस गांवाचे मालक करून टाकलें. चर्मांकच्या दानाशीं ही गोष्ट ताडून पाहण्यासारखी आहे. तेथें दान एका गांवाचें होतें, येथें प्रांताच्या प्रांताचें. अटी येथेंहि होत्या. बंदोबस्ताच्या वेळीं प्रत्येक गांवाचा वाजिब-उल-अर्ज लिहिला जाई; रयतेनें गुरें कोठें चारावीं, जळण कोठून आणावें, घराला जागा कशी मिळावी, हे रिवाज त्यांत नोंदलेले असत. ताम्रपटापेक्षां हा कागद एका बाबतींत निःसंशय पुढें गेलेला आहे: यांत रयतेचे हक्क लिहिलेले आहेत. मात्र ते हक्क मोडल्यास दाद मागावयाची ती पुन्हा तहसिलींत.

लॉर्ड रिपनच्या १८८२ च्या ठरावानंतर मध्यप्रांताचा स्थानिक स्वराज्याचा कायदा १८८३ सालीं झाला आणि जिल्हा कौन्सिलें व लोकल बोर्डें निघालीं. नांव स्वराज्याचें होतें. पण खेड्यांतर्फे प्रतिनिधि निवडावयाचे ते गांवोगांवच्या मुकादमांनीं, आणि मुकादम हा बहुधा मालगुजार किंवा त्याचाच माणूस असे. व्यापाऱ्यांचे प्रतिनिधि निराळे, सरकारनियुक्त निराळे. कुळाचा प्रतिनिधि कुळाचा मालक! या बोर्डांनीं शाळा काढल्या, रस्ते केले, दवाखाने चालविले, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु शाळेचें छप्पर गळूं लागल्यास कुळानें कोणास जाब विचारावा, या प्रश्नास या पद्धतींत उत्तर नव्हतें.

पुढें याच वर्धा परिसरांत ग्रामस्वराज्याचा विचार सर्व देशासाठीं घडला, हा योगायोग मोठा आहे. १९३६ सालीं गांधीजी शेगांवास राहावयास गेले, त्याचेंच पुढें सेवाग्राम झालें. आणि त्या गांवची मालगुजारी मुख्यतः जमनालाल बजाज यांची होती. ग्रामस्वराज्याचा प्रवक्ता मालगुजाराच्या गांवीं, त्याच मालगुजाराच्या प्रेमाखातर राहिला, यांत कोणास विसंगति दिसल्यास आम्ही त्यास दोष देणार नाहीं. वर्ध्याचे श्रीमन्नारायण अग्रवाल यांनीं १९४६ सालीं गांधीविचारावर आधारलेली राज्यघटना इंग्रजींत मांडली. उलट ४ नोव्हेंबर १९४८ रोजीं घटनासमितींत डॉ. आंबेडकरांनीं खेडें म्हणजे संकुचितपणाचें व अज्ञानाचें आगर होय, असें परखडपणें सांगून व्यक्ति हाच घटनेचा घटक ठेवल्याबद्दल समाधान मानलें. त्याच महिन्यांत ग्रामपंचायतींचें कलम मार्गदर्शक तत्त्वांत घातलें गेलें, तेंच चाळिसावें कलम. आमच्या मतें डॉ. आंबेडकरांच्या टीकेंतील मर्म असें कीं, गांवास सत्ता देणें म्हणजे गांवांतील कोणास सत्ता देणें, हें आधीं सांगितलें पाहिजे. चर्मांकच्या पटानें तें सांगितलें होतें, मालगुजारीच्या सनदेनेंहि सांगितलें होतें. दोन्ही उत्तरें ज्याच्या हातीं नांगर होता त्याच्या विरुद्ध होतीं.

विनोबा १९३८ सालीं पवनारास धामच्या कांठीं जमनालालजींच्या बंगल्यांत राहावयास आले. १७ ऑक्टोबर १९४० रोजीं वैयक्तिक सत्याग्रहाचा आरंभ त्यांनीं याच गांवीं केला. पण आमच्या विषयाच्या दृष्टीनें त्यांचें सर्वांत बोधप्रद कार्य शेजारच्या सुरगांवचें. पवनारहून रोज खांद्यावर फावडें घेऊन ते त्या गांवची घाण काढावयास चालत जात. एके दिवशीं वाटेंतील ओढ्यास पूर आला आणि पलीकडे जातां येईना. तेव्हां त्यांनीं पैलतीरावरील माणसास हाक मारून, गांवचा झाडूवाला येऊन परत गेला एवढें देवळांतल्या देवाला सांगण्यास विनविलें. गोष्ट लहान आहे. परंतु न मागतां, ज्याची चाकरी पत्करली त्या गांवाला गैरहजेरीचा हिशेब देणारा सेवक आमच्या या सगळ्या कथेंत हाच पहिला आढळतो. मार्च १९५१ मध्यें विनोबा पवनारहून पायीं हैदराबादेकडे निघाले, आणि १८ एप्रिल रोजीं पोचमपल्लीस भूदानाचा उगम झाला. दरम्यान ३१ मार्च रोजीं मध्यप्रदेशांतील मालगुजारी कायद्यानें संपली होती.

त्यानंतरची वाट कायद्यांची आहे. १९४८ सालची जनपद सभा, मुंबई राज्यांत समावेश झाल्यानंतर लागू झालेला १९५८ चा ग्रामपंचायत अधिनियम, १ मे १९६२ पासूनच्या जिल्हा परिषदा, आणि १९९३ सालीं अमलांत आलेली त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती. यांत आम्हांस सर्वांत मोलाचें वाटतें तें १९५८ च्या अधिनियमांतील एक साधें कलम: पंचायतीनें वर्षाचा जमाखर्च, मागील वर्षाच्या कारभाराचा अहवाल, चालू वर्षाचीं नियोजित कामें आणि हिशेबतपासनिसाचे शेरे ग्रामसभेपुढें ठेवले पाहिजेत. ग्रामसभा म्हणजे गांवच्या मतदारयादींत नांव असलेला प्रत्येक मनुष्य, मग तो भूमिहीन असो, स्त्री असो, कोणत्याहि जातीचा असो. प्रवरपुराच्या पटाला हें थेट उत्तर आहे. हिशेबाची दिशा येथें प्रथमच बदलली.

मात्र त्याच कायद्यांत गणपूर्तीचाहि नियम आहे: मतदारांपैकीं शेंकडा पंधरा किंवा शंभर, यांपैकीं जी संख्या कमी असेल तेवढी. ती न भरल्यास सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला मग गणपूर्तीची गरज राहत नाहीं. शंभर माणसें जमविण्यापेक्षां सभा तहकूब करणें सोपें, हें चतुर पुढाऱ्यांस कोणी शिकवावें लागत नाहीं.

या सभेपुढें जमाखर्च येतो. पण गांवाची वाढ ठरविणाऱ्या गोष्टी तिच्यापुढें येतात काय? पवनार हें आतां नागपूर-वर्धा हमरस्त्यावरचें गांव आहे. त्याच जिल्ह्यांतून समृद्धि महामार्ग गेला. त्याचा नागपूर ते शिर्डी हा भाग ११ डिसेंबर २०२२ रोजीं खुला झाला. नंतर नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्ग आंखला गेला: बारा जिल्हे, सुमारें ८०२ किलोमीटर, एक टोंक गोव्याच्या सीमेवरील पत्रादेवी आणि दुसरें टोंक पवनार. कोल्हापुराकडील शेतकऱ्यांनीं त्यास कडाडून विरोध केला, आणि ऑक्टोबर २०२४ मध्यें त्या जिल्ह्यापुरती भूसंपादनाची अधिसूचना रद्द झाली. तरी २४ जून २०२५ रोजीं राज्य मंत्रिमंडळानें या महामार्गाच्या आंखणीस व भूसंपादनासाठीं सुमारें वीस हजार कोटि रुपयांच्या तरतुदीस मान्यता दिली.

रस्ता नको असें आमचें म्हणणें नाहीं. १८६६ सालीं आगगाडी व कचेरी पालकवाडीस गेली म्हणून पवनार मागें राहिलें. आतां रस्त्याचें टोंक पवनारास येत असेल तर तेथील पुष्कळांस तें हवेंहि असेल, आणि ज्यांची ओलिताची जमीन त्या रेषेंत येईल त्यांस नको असेल. हा मतभेद गांवानें बसून बोलण्यासारखा आहे. अधिसूचना निघते तेव्हां तींत गट क्रमांक असतात, क्षेत्र असतें, हरकती घेण्याची मुदत असते. ती गांवच्या चावडीवर लावली जाते. प्रभावतीगुप्तेच्या पटांत निदान कुशल विचारलेलें होतें.